कपाशीच्या पाकिटात रॉयल्टी शून्य, तरी बियाणं दरवर्षी विकतच का?

२०२५ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने बीजी-२, म्हणजे बोंडअळीला मारणारी जनुकं घातलेल्या बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली. २०२० मध्ये हेच पाकीट ७३० रुपयांना होतं. २०२५ च्या ९०१ रुपयांत बीटी जनुकाच्या मालकाला जाणारी रॉयल्टी किती? एक रुपयाही नाही. ती २०२० पासून शून्य आहे.

बियाण्याच्या रॉयल्टीवर चावडीवर, बाजार समितीत आणि सभांमध्ये खूप बोललं जातं. त्यातली बरीच चर्चा "परदेशी कंपनी पाकिटामागे पैसे नेते" इथे येऊन थांबते. ते एके काळी शंभर टक्के खरं होतं आणि त्याची किंमत विदर्भ-मराठवाड्याने मोजली आहे. पण रॉयल्टी गेल्यानंतरही शेतकरी दर जून महिन्यात कृषी केंद्राच्या रांगेत उभाच आहे. याचा अर्थ खरं कुलूप दुसरीकडे आहे. ते कुठे आहे हे कळलं तर आपल्या हातात काय उरतं, तेही कळतं.

एका पाकिटावर तीन कुलुपं

पहिलं कुलूप पेटंटचं. ते जनुकावर असतं. बीजी-२ मध्ये क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी ही दोन जनुकं आहेत. जमिनीतल्या जिवाणूपासून घेतलेली ही जनुकं अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करतात. यातल्या क्राय-२-एबीशी संबंधित तंत्राचं भारतीय पेटंट मोन्सँटोकडे होतं, क्रमांक २१४४३६. त्याची २० वर्षं नोव्हेंबर २०१९ मध्ये संपली. आधीच्या बीजी-१ मधल्या एकट्या क्राय-१-एसीवर भारतात असं पेटंट नव्हतंच. तरीही त्यावर सुरुवातीला भरमसाट फी घेतली गेली, ती कराराच्या जोरावर.

दुसरं कुलूप वाणाच्या हक्काचं. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली पैदासकाराला, म्हणजे वाण तयार करणाऱ्याला, आपलं वाण नोंदवता येतं. पिकांसाठी हे संरक्षण १५ वर्षं आणि झाडं-वेलींसाठी १८ वर्षं चालतं. मात्र या कुलपाला कायद्यानेच शेतकऱ्यासाठी एक किल्ली दिली आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तिसरं कुलूप कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ते संकरात आहे. सगळ्यात भक्कम तेच.

जगात कापूस पिकवणाऱ्या बहुतेक देशांत सरळ वाण पेरतात. म्हणजे या वर्षीची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाड तसंच येतं. भारतात मात्र बीटी आलं ते जवळजवळ सगळं संकरित वाणांत. संकरित कपाशी दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून तयार होते. बीजोत्पादनाच्या शेतात मजूर संध्याकाळी मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखाने काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल त्यावर घासतात. एकेक फूल, हाताने. ही मजुरी हाच संकरित बियाण्याचा मोठा खर्च आहे. या पहिल्या पिढीला एफ-१ म्हणतात. तिची झाडं एकसारखी आणि जोमदार असतात.

त्याच झाडाची सरकी ठेवून पुढच्या वर्षी लावली की दुसरी पिढी येते आणि ती फुटते. एक झाड कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं. एकाचं बोंड टपोरं, दुसऱ्याचं सुपारीएवढं. काही लवकर फुटतात, काही दिवाळीनंतरही हिरवी उभी असतात. जोम ओसरतो आणि उतारा घटतो. त्यामुळे "तुमची सरकी तुम्ही ठेवू शकता" असं कायदा म्हणत असला, तरी ती ठेवून उपयोग होत नाही. कंपनीला कोर्टात जायचीही गरज पडत नाही.

बोंडाच्या आत काय घडतं

ही फूट फक्त पुढच्या वर्षीच्या शेतात दिसते असं नाही. ती चालू हंगामातल्या बोंडातही असते, आणि गुलाबी बोंडअळीच्या गोष्टीत हा मुद्दा कळीचा आहे.

संकरित झाडात बीटी जनुकं सहसा एकाच पालकाकडून आलेली असतात. त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. त्यामुळे एकाच बोंडात निरनिराळ्या सरक्या तयार होतात. दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात असं धरलं, तर दर १६ सरक्यांपैकी साधारण ९ मध्ये दोन्ही जनुकं, ६ मध्ये कुठलं तरी एकच आणि १ मध्ये एकही नाही. गुलाबी अळी पानं खात नाही, ती थेट बोंडात शिरून सरकी खाते. एका बोंडातच तिला कुठे जहाल, कुठे सौम्य, कुठे बिनविषारी खाणं मिळतं. थोडं विष पचवू शकणारी अळी अशा ठिकाणी तगते, आणि तिचीच पिल्लं पुढे वाढतात. सरळ वाणात दोन्ही जनुकं स्थिर झालेली असल्याने प्रत्येक सरकी सारखी असते, म्हणून तिथे अळीला प्रतिकार शिकवणारी ही शाळा भरत नाही.

गुजरातमध्ये क्राय-१-एसीला गुलाबी अळी दाद देत नाही हे २०१० मध्ये मोन्सँटोनेच जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत बीजी-२ चंही तेच झालं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत अळी, असं चित्र सगळीकडे होतं. हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवर बीटी अजूनही बऱ्यापैकी काम करतं. गुलाबीवर त्याचा भरवसा धरू नये.

दुसरी चूक आश्रय पिकाची. बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं. ते शेताभोवती ५ ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के लावायचं होतं, म्हणजे प्रतिकार नसलेल्या अळ्या जिवंत राहून प्रतिकार असलेल्यांशी संकर पावतील. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं चूक आहे. त्या पाकिटातलं वाण कित्येकदा मुख्य वाणाशी जुळत नसे, कधी उगवण कमी असे, आणि त्या २० टक्के क्षेत्राच्या नुकसानीची जबाबदारी कुणीच घेतली नव्हती. आता बिगर-बीटी बियाणं मिसळूनच देतात. म्हणून पाकीट ४५० ऐवजी ४७५ ग्रॅमचं झालं.

रॉयल्टी कुठून कुठे गेली

मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीने जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. जनुक मोन्सँटोचं होतं, आणि दोघांनी मिळून काढलेली कंपनी ते इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने देत असे. पैशाची वाट सोपी होती. शेतकरी कृषी केंद्राला पैसे देई, तिथून ते वितरकाकडे आणि बियाणे कंपनीकडे जात. बियाणे कंपनी प्रत्येक पाकिटामागे ठरलेली रक्कम जनुकाच्या मालकाला देई. हीच ट्रेट फी किंवा ट्रेट व्हॅल्यू. शिवाय परवाना घेतानाच परत न मिळणारे ५० लाख रुपये भरावे लागत.

सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचं पाकीट १,६०० ते १,८०० रुपयांच्या घरात विकलं जाई आणि त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास रक्कम ट्रेट फीची असे. म्हणजे बियाणं स्वस्त होतं, महाग होतं ते त्यातलं जनुक. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि पाकिटाचा दर ७५० रुपयांवर आणला. बाकीची राज्यं मागोमाग आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यासाठी वेगळा कायदाच केला. त्यात पुरवठा, विक्री आणि किंमत या सगळ्यावर नियंत्रण आहे.

नंतर केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. त्याआधी बीजी-२ वरची फी पाकिटामागे १६३ रुपये अधिक कर अशी होती. २०१६ मध्ये पाकीट ८०० रुपयांचं झालं आणि त्यात ट्रेट व्हॅल्यू ४९ रुपये धरली गेली. २०१८ मध्ये पाकीट ७४० आणि फी ३९, २०१९ मध्ये ७३० आणि २०, तर २०२० मध्ये ७३० आणि शून्य. त्यानंतर दर चढत गेले: २०२१ ला ७६७, २०२२ ला ८१०, २०२३ ला ८५३, २०२४ ला ८६४ आणि २०२५ ला ९०१. ही वाढ बीजोत्पादनाची मजुरी आणि कंपनी-विक्रेत्यांचा वाटा यांची आहे, रॉयल्टीची नाही.

दरम्यान कोर्टातही लढाई झाली. एका मोठ्या बियाणे कंपनीने फी थकवली म्हणून मोन्सँटोच्या भागीदारीतल्या कंपनीने २०१५ मध्ये करार रद्द केला आणि पेटंटचा दावा लागला. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणं आणि वाण यांवर पेटंट मिळत नाही. त्याचा आधार घेत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट रद्द ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला, कारण एवढा तांत्रिक प्रश्न पुरावा न तपासता सुटत नाही. प्रकरण परत खाली गेलं आणि पुढे दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. त्यामुळे बियाण्यात घातलेल्या जनुकावर पेटंट किती चालतं, याचं शेवटचं उत्तर या खटल्यातून मिळालंच नाही. पुढचं नवं जनुक येईल तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहील.

कंपन्यांचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. संशोधनाला पैसा लागतो, आणि फी सरकार ठरवणार असेल तर नवं तंत्र कोण आणेल? २०१६ मध्ये केंद्राने परवान्याच्या फीवर मर्यादा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि काही दिवसांतच मागे घेतली. त्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या नव्या बीटी कपाशीचा अर्ज महिकोने मागे घेतला. २००६ च्या बीजी-२ नंतर परवानगी मिळालेलं नवं कापूस जनुक शेतात मोठ्या प्रमाणावर आलेलं नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फी पाकिटावर घेतली जाते, परिणामावर नाही. गुलाबी अळीने बीजी-२ ला जुमानणं सोडलं, तरी पुढची काही वर्षं फी चालूच राहिली आणि फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडला. जनुक निष्प्रभ झालं तर फी आपोआप उतरेल, असा नियम आजही नाही. आमच्या मते रॉयल्टीच्या वादात मागायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

खर्चाचं गणित

१०० सरक्यांचं वजन साधारण ९ ग्रॅम धरलं, तर ४५० ग्रॅममध्ये सुमारे ५,००० सरक्या येतात. ४ बाय २ फुटांवर एकरी ५,४४५ जागा होतात. एका जागी एक बी टोकलं तरी एक पाकीट थोडं कमी पडतं. ३ बाय १ फुटावर १४,५२० जागा होतात, म्हणजे तीन पाकिटं. म्हणजे ९०१ च्या हिशेबाने २,७०३ रुपये, तेही एक बी धरून आणि नांग्या न भरता. कोरडवाहू हलक्या जमिनीत झाडं दाट आणि लवकर येणारी असली की गुलाबी अळीच्या तावडीतून पीक लवकर निसटतं, असं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं अनेक वर्षांचं सांगणं आहे. पण दाट लागवड आणि महाग संकरित बियाणं हे एकत्र बसत नाही. पाकीट विकायचं असेल तर झाड मोठं आणि पसरट, जागा कमी, असा बाजार तयार होतो. बियाण्याच्या धंद्याची रचनाच शेतीची पद्धत ठरवते ती अशी.

दाट लागवडीला स्वस्त बियाणं लागतं, आणि ते सरळ वाणातच मिळू शकतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-०८१, नागपूरचं सूरज, परभणी आणि अकोल्याची देशी वाणं यादीत आहेत. सरळ वाणात बीटी घालण्याचं कामही सार्वजनिक संस्थांनी केलं आहे. अडचण आहे ती उपलब्धतेची. सरळ वाणाचं बियाणं शेतकरी एकदा नेतो आणि तीन वर्षं फिरकत नाही, मग ते दुकानात ठेवण्यात विक्रेत्याला काय रस? हे काम महाबीज आणि विद्यापीठांनीच करायचं असतं. त्यांच्या बीजोत्पादनाचं क्षेत्र किती, हा प्रश्न ग्रामसभेत आणि आमदाराला विचारण्यासारखा आहे.

जगभरातली स्थितीही याच दिशेने गेली आहे. डाऊ आणि ड्युपाँट २०१७ मध्ये एकत्र आल्या, त्याच वर्षी चीनच्या सरकारी कंपनीने सिंजेंटा घेतली, आणि २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेतली. बियाणं आणि फवारणीचं औषध एकाच घरातून येऊ लागलं. गावात याचं छोटं रूप म्हणजे लिंकिंग. मागणी असलेल्या वाणाचं पाकीट हवं तर सोबत अमुक टॉनिक किंवा तमुक वाण घ्या, अशी सक्ती. बीजी-२ चं कुठलंही वाण असो, कमाल दर एकच आहे. एखाद्या नावाला जादा पैसे मागणं किंवा लिंकिंग करणं दोन्ही बेकायदा आहे. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे त्याची लेखी तक्रार करता येते.

आणि चोर बीटी. तणनाशक सहन करणारी विनापरवाना कपाशी, म्हणजे एचटीबीटी, निंदणीची मजुरी वाचते म्हणून लोक घेतात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे लावून तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी केली. मागणीवर मतं वेगळी असू शकतात. पण हे बियाणं घेणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यावी: त्याला बिल नाही, लॉट नंबर नाही, उगवणीची हमी नाही. आत काय भरलं आहे ते पिशवी शिवणाऱ्यालाच ठाऊक. तणनाशक मारल्यावर निम्मं शेत जळालं, तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

कायद्याने दिलेली किल्ली

आता २००१ च्या कायद्यातल्या कलम ३९ कडे येऊ. शेतकरी आपलं शेतउत्पादन, त्यात बियाणं आलंच, साठवू शकतो, वापरू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. ते वाण एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं असलं तरी. अट एकच: ब्रँड लावून विकायचं नाही. ब्रँड म्हणजे पिशवीवर किंवा डब्यावर असं लेबल, ज्यावरून हे संरक्षित वाण आहे असं दिसेल. साध्या गोणीत शेजाऱ्याला दिलेलं सोयाबीन यात मोडत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याचं कलम २४ सुद्धा सूट देतं. स्वतः पिकवलेलं बियाणं स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला दिलं, तर तो कायदा लागू होत नाही. छापील पिशव्या भरून तालुक्याला दुकान मांडलं, की मात्र परवाना लागतो.

या कलमाची कसोटी गुजरातमध्ये लागली. पेप्सिकोने चिप्ससाठीचं एफएल-२०२७ हे बटाट्याचं वाण, जे एफसी-५ नावाने चालतं, २०१६ मध्ये नोंदवलं. २०१९ मध्ये साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर कंपनीने प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाईचे दावे लावले. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये या कायद्याखाली वाणं नोंदवणाऱ्या प्राधिकरणाने नोंदणीच रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा चालू ठेवण्याच्या बाजूने निकाल दिला. यातून चुकीचा अर्थ काढू नका. नोंदणी कंपनीची राहिली, तरी कलम ३९ जागच्या जागी आहे. त्याची सुरुवातच "या कायद्यात काहीही असलं तरी" अशा अर्थाच्या शब्दांनी होते.

खरी जोखीम करारात असते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात परदेशी संरक्षित वाणं आता करारानेच मिळतात. वेल काडीने वाढतो, म्हणून पैदासकार काडीवरच लक्ष ठेवतो. सही करण्याआधी चार गोष्टी वाचाव्यात: रॉयल्टी एकरावर आहे की विकलेल्या किलोवर, माल फक्त एकालाच विकायचा आहे का आणि त्याने नाकारला तर तो बाहेर विकता येतो का, करार संपल्यावर बाग उपटायची आहे का, आणि वाद झाला तर कोणत्या गावच्या कोर्टात. शेवटचा मुद्दा लोक वाचतच नाहीत. दिल्ली किंवा बंगळूर लिहिलेलं असेल, तर निफाडच्या माणसाला प्रत्येक तारीख परवडत नाही.

घरचं बियाणं: कुठे चालतं

मका, बाजरी, संकरित ज्वारी, संकरित भाजीपाला आणि संकरित कपाशी यांचं बियाणं घरी ठेवू नये. सोयाबीन, हरभरा, गहू, भात, मूग, उडीद आणि मालदांडी ज्वारी यांचं ठेवावं. सोयाबीन स्वतःच्याच फुलात फळतं, त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की पुढची दोन वर्षं घरचं चालतं, तिसऱ्या वर्षानंतर बदलावं. तूर आणि सरळ कपाशीत मधमाश्या परपरागीकरण करतात, म्हणून शेजारच्या वाणापासून दूरचा, शेताच्या मधला पट्टा बियाण्यासाठी राखावा. सरळ कपाशीची सरकी जिनिंगला मालात मिसळू देऊ नये. बियाण्याची वेचणी वेगळी काढून रेचाई वेगळी करावी.

सोयाबीनचं घोडं अडतं ते मळणीत. दाण्याचं कवच पातळ असतं. आतला अंकुर कवचाला चिकटूनच बसलेला असतो, त्यामुळे मार बसला की दाणा वरून ठीक दिसतो आणि मातीत कुजतो. बियाण्यासाठी मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवावेत. पोती उंचावरून टाकू नयेत आणि एकावर एक पाचाहून जास्त रचू नयेत, नाहीतर खालच्या पोत्यातल्या दाण्यांना चिरा जातात.

उगवण घरी तपासावी. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडावेत. निवडून चांगले घेऊ नयेत, पोत्यातून येतील तसे घ्यावेत. वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावं. अशा तीन गुंडाळ्या करून सहा-सात दिवसांनी मोजाव्यात. मूळ आणि कोंब दोन्ही सशक्त असलेलेच दाणे मोजायचे, वाकडे-कुजके सोडायचे. सरासरी ७० आली तर एकरी ३० किलो पेरावं. ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवावं, म्हणजे ६० टक्क्यांना ३५ किलो. त्याहून कमी असेल तर ते बियाणं पेरणीत वापरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, ३ ते ४ सेंटिमीटर खोल पेरणी करावी.

विकतचं बियाणं फसलं तर

आधी पिशवीची खूण ओळखा. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, हिरवा सत्यतादर्शक बियाण्याचा. सत्यतादर्शक म्हणजे गुणवत्तेची ग्वाही कंपनीची स्वतःची, प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेली नाही. वाण, लॉट नंबर आणि तारीख असलेलं पक्कं बिल घ्या. "नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून पाकीट घेऊ नका. पिशवी टॅग शाबूत राहील अशी खालून उसवा, आणि पेरताना मूठभर बियाणं त्याच पिशवीत बाजूला ठेवा. पेरणीची तारीख, खोली आणि त्या आठवड्याचा पाऊस लिहून ठेवा. तक्रार गेली की "खोल पेरलं", "पावसाने ओढ दिली" हे कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, आणि त्याला तोड म्हणजे हे टिपण. त्याच लॉटचं बियाणं पेरलेली गावातली आणखी दोन-तीन शेतं आणि दुसऱ्या लॉटचं एक चांगलं उगवलेलं शेत दाखवता आलं, तर प्रकरण खूप भक्कम होतं.

उगवण नाही हे दिसताच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची तालुका तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. तिथेच बहुतेकांची चूक होते. हंगाम हातचा जाईल या भीतीने शेतकरी आधीच मोडून दुबार पेरतो आणि समितीला पाहायला काही उरत नाही. सगळं मोडणं भागच असेल, तर निदान चार-सहा ओळी तशाच राखा आणि बाकीच्याचे तारखेसह फोटो काढा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. झाडांची मोजणी, लॉट नंबर आणि समितीचा निष्कर्ष त्यात आला पाहिजे. "उगवण कमी आढळली" एवढंच लिहिलेलं असेल, तर बियाणं सदोष होतं की हवामानाने गेलं हे लिहायला सांगा.

समितीचा अहवाल म्हणजे भरपाई नव्हे. तो पुरावा आहे. २००१ च्या कायद्याचं कलम ३९(२) सांगतं की नोंदणीकृत वाणाच्या पैदासकाराने अपेक्षित कामगिरी सांगितली पाहिजे, आणि वाण त्याला उतरलं नाही तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. ही वाट फारसं कुणी चालत नाही. जास्त वापरातली वाट ग्राहक आयोगाची. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येतं. शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरून टाकलेलं असतं, त्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला हवा होता असं धरता येणार नाही, हेही न्यायालयाने मानलं. मूठभर बियाणं ठेवा असं आम्ही वर सांगितलं ते प्रकरण भक्कम व्हावं म्हणून. ठेवलं नसेल तरी दार बंद होत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि बियाण्याची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिला फी लागत नाही.